वाफेवरची तपासणी

गढा, जबलपूर
१५ नोव्हेंबर २०२४

अपूर्व,

वर 'श्री' लिहिलेलं नाही, सुतक आहे. अक्षर वाकडं येतंय ते उजव्या अंगठ्यामुळे. त्याचं पुढे लिहिते.

बाबा शनिवारी, ९ तारखेला, सकाळी सव्वासातला गेले. दोन दिवस श्वास लागत होता. डॉक्टर म्हणाले, घरीच राहू द्या. चहा मागितला आणि मी करून आणेपर्यंत संपलं होतं. सौमित्रने तुला फोन लावला तेव्हा मी शेजारीच उभी होते. "कळवलंस ते बरं केलंस," एवढं म्हणून तू फोन ठेवलास. मी तुला दोष देत नाही. हे आधी लिहून टाकते.

अग्नी मी दिला. कुंदाआत्याला ते आवडलं नाही. "भावाला अग्नी द्यायला त्याचा मुलगा जिवंत आहे ना? मग पोरीनं काहून?" असं ती अंगणात सगळ्यांसमोर म्हणाली. सौमित्र म्हणाला, "आई, अब चलो भी, ऊन चढून राहिलं." मग तिनं तो विषय सोडला. पण मडकं फोडायचा खडा घरूनच न्यायचा, हे मात्र तिनं सोडलं नाही. आपल्याकडे घाटावरचा दगड चालत नाही. आजोबांच्या वेळी विहिरीच्या काठचा नेला होता म्हणे. आता विहीर बुजवली आहे आणि अंगणात सगळी फरशी.

"विनू, लवकर कर! गाडी उभी आहे," आत्या बाहेरून म्हणाली.

मी बाबांच्या खोलीत गेले. कपाटावरच्या त्यांच्या नमुन्यांच्या बाटल्या तुला आठवत असतील. अभ्रक, शंखजिरं, भेडाघाटचा संगमरवर. शाळेतलं शिकवणं सुटलं तरी त्या सुटल्या नव्हत्या. उशाशी मात्र एक बाटली वेगळी असायची, बुचावर मेण लावलेली, आत लिंबाएवढा पांढुरका खडा. "ती उघडू नकोस, हवा लागेल," असं ते म्हणायचे. शेवटचे दोन दिवस ती त्यांनी पांघरुणात हाताशी घेतली होती. मला वाटलं, त्यांचा आवडता दगड असेल. मी मेण खरवडलं आणि तोच घेतला. कागद वाचायला थांबले नाही.

तू असतास तर हे सगळं तुला करायचं होतं, म्हणून लिहिते. मडक्याला भोकं पाडली तो खडा म्हणजे जीवखडा. गेलेल्याचा जीव दहा दिवस त्यात असतो असं मानतात. रोज त्याच्यावर तिळाचं पाणी सोडायचं, दहाव्या दिवशी नर्मदेत सोडायचा. तोवर जपायचा.

परवा, पाचव्या दिवशी, त्याला बारीक चीर दिसली. काल सकाळी दोन तुकडे झाले आणि संध्याकाळपर्यंत मातीच्या परळात पांढरा लगदा. मी तो हाताने गोळा करायला गेले. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामधली कातडी भाजली. तिळाचं पाणी जिथून सोडतात तिथेच.

आत्या खाली बसली. "भय्याचा जीव फुटला. पोरासाठी फुटला. मी काय म्हणत होते?" गुरुजींनी समजावलं की दुसरा खडा घ्या, थोडं प्रायश्चित्त सांगतो, घाबरायचं कारण नाही. पण तोवर सौमित्रने तुला फोन केलाच होता. "तुझ्यामुळे झालं हे, भाई. मामा अटकून राहिलेत तुझ्यात." मी स्वयंपाकघरात होते. प्रत्येक शब्द ऐकू येत होता. मी बाहेर आले नाही.

तू मनावर घेऊ नकोस. दगड फुटतात. तो चुन्याचा होता, पाणी लागलं, विरला. एवढंच आहे.

तेरावा २१ला, गुरुवारी आहे. वरची खोली झाडून ठेवते.

ताई


१८ नोव्हेंबर

अपूर्व,

मागचं पत्र तुला अजून मिळालंही नसेल. कराईकुडीला स्पीड पोस्टने चार-पाच दिवस लागतात असं काउंटरवरची बाई म्हणाली. तरी लिहिते. घरात बसवत नाही. सकाळपासून भांड्यांची फळी दोनदा पुसली.

आज दहावा झाला, ग्वारीघाटावर. दुसरा खडा आणि पहिल्याचा लगदा, दोन्ही नर्मदेत सोडले. पिंडाला कावळा शिवेना. तिथले कावळे पोट भरलेले. सौमित्र म्हणाला, "इनके भी नखरे हैं." गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर बोला. आत्या पुढे झाली आणि मोठ्यानं म्हणाली, "भय्या, अपूर्वला आणतो आम्ही. ही विनू आणते. माझा शब्द आहे." त्याच क्षणी एक कावळा आला. आत्या माझ्याकडे बघून म्हणाली, "पाहिलं?"

मी मान हलवली. शब्द तिने दिला आहे, मी दिलेला नाही. तुझ्यावर त्याचं ओझं नको.

मागच्या पत्रात मी "दगड फुटतात" असं लिहिलं. ते तुला लिहायला नको होतं. तू आणि अवंतिका आठ वर्षं तिकडे जुन्या घरांना चुन्याचाच गिलावा करता. तू ते वाचून म्हणशील, चुनकळी पाण्यात टाकली की चार मिनिटांत उकळते, ही चार दिवस कशी टिकली?

ती जास्त भाजलेली होती.

तुला हे माहीत आहे. पण मला ते एकदा नीट लिहून काढायचं आहे, म्हणून वाच.

बाबा नववीच्या वर्गात एका हातात बत्तासा आणि दुसऱ्या हातात खडीसाखर घेऊन जायचे. मी त्यांच्या वर्गात होते, तू तीन वर्षांनी आलास. दोन मुलांना उभं करायचे, एकाच्या तोंडात हे, दुसऱ्याच्या तोंडात ते. बत्तासा ठेवला न ठेवला तोच विरायचा. खडीसाखरवाला तास संपेपर्यंत गालात धरून बसायचा आणि सगळे हसायचे. मग बाबा विचारायचे, "साखर कोणाची जास्त?" कोणीतरी म्हणायचं, खडीसाखरेत. "गलत. माल तोच आहे. बसलाय कसा ते बघा."

चुन्याचंही तेच. दगड भट्टीत भाजला की त्यातला वायू निघून जातो आणि तो गेला तिथे बारीक पोकळ्या राहतात. उरतात कॅल्शियम आणि ऑक्सिजन. एकाने दोन इलेक्ट्रॉन दिलेले, दुसऱ्याने घेतलेले, आणि त्यामुळे एकमेकांना घट्ट धरून ओळीने बसलेले. बेताने भाजलं तर कण लहान राहतात. पाणी पोकळ्यांतून आत शिरतं, त्या दोघांच्या मध्ये जाऊन बसतं आणि खडा फसफसून विरतो. आच जास्त झाली की कण एकमेकांत मिसळून मोठे होतात, पोकळ्या बुजतात. खडा जड होतो, वाजवला तर खणखणतो. दिसायला उलट जास्त चांगला. पाणी त्याला फक्त वरून चाटतं. आत पोचायला त्याला दिवस लागतात, भिंतीत असेल तर महिने. पण एकदा पोचलं की खडा फुगून जवळजवळ दुप्पट होतो आणि वर जे काही असेल ते फेकून देतो.

म्हणजे बाबांचा जीव वगैरे काही फुटला नाही, आणि तुझ्यामुळे तर नाहीच. हे मला त्याच दिवशी, लगदा हाताला लागला तेव्हाच कळलं होतं. मी रोज चुना आणि सिमेंट तपासते. आत्या खाली बसली तेव्हाही माहीत होतं, सौमित्र फोनवर बोलत होता तेव्हाही. एक वाक्य बोलायचं होतं.

का बोलले नाही, तर एक कारण असं की मला वाटलं, या भीतीने तरी तू येशील.

दुसरं कारण बाटलीवर आहे. तिच्यावर बाबांनी कागद चिकटवलेला होता. कागदाची बाजू कायम भिंतीकडे असायची. लगदा गोळा केल्यावर मी खोलीत जाऊन बाटली फिरवली आणि वाचलं. ते आज लिहीत नाही. जेवायला हाक मारून राहिलेत.

ताई


२३ नोव्हेंबर

अपूर्व,

तू आला नाहीस. गुरुवारी तेरावा झाला, काल गोडाचं जेवण झालं. सगळे गेले. सुतक फिटलं, तरी 'श्री' लिहायला हात होत नाही.

आता लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा होणार नाही.

ऑगस्ट २०१५मध्ये तू वरच्या खोलीचं काम काढलंस. तुला जबलपुरात चुन्याच्या गिलाव्याचा धंदा सुरू करायचा होता आणि ती खोली लोकांना दाखवायला हवी होती. चुना कटनीकडून आला. तू त्याचा नमुना मला आणून दिलास. मला विजय नगरच्या लॅबमध्ये लागून चार महिने झाले होते, नोकरी पक्की झालेली नव्हती. तू म्हणालास, "विनूताई, आजच रिपोर्ट दे ना. कढोरी मिस्त्री हौद धुऊन बसलाय."

मी विश्लेषण केलं. त्र्याण्णव टक्के निघाला. इतका चांगला चुना मी तोवर पाहिला नव्हता. त्यानंतर एक तपासणी राहते. चुन्याच्या लहान वड्या करायच्या, ढोकळ्यासारख्या तीन तास वाफेवर ठेवायच्या आणि फोड येतात का ते बघायचं. फोड आले तर चुना नापास. विश्लेषण फक्त आत काय आहे ते सांगतं, ते बसलंय कसं हे वड्याच सांगतात. नववीतली मुलगीसुद्धा हे सांगू शकली असती.

मी वड्या केल्या नाहीत. पाच वाजत आले होते. त्र्याण्णव टक्के आहे, त्याला काय होणार, असं वाटलं. मी लिहिलं, "फोड नाहीत. योग्य." सही केली. घाई तू केलीस म्हणून नाही, हे नीट वाच. सही माझी होती.

तू चुना एकवीस दिवस भिजवलास. मी बघितलं आहे. रोज सकाळी आंघोळीच्या आधी तू हौदात काठी फिरवायचास. पण जे कण बारीक होऊन चाळणीतून गेले, ते भिजून भिजणार नव्हते.

१७ मार्च २०१६ला तिलवाऱ्याच्या हॉटेलवाल्यांना तू खोली दाखवायला आणलंस. आठवड्यापूर्वी भिंतीवर दोन-तीन फोड होते, ते तू बुजवले होतेस. त्या सकाळी पडदा सरकवला आणि अख्खी उत्तरेची भिंत देवी आल्यासारखी. पाहुण्यांसमोरच एक टवका उडून अवंतिकाच्या चहात पडला. कोणीतरी हसलं. बाबा म्हणाले, "चुना भिजवायला जेवढे दिवस लागतात तेवढासुद्धा धीर नाही याला. शाळेत असतानाही प्रयोग अर्धा सोडायचा."

तू म्हणालास, "बाबा, एकवीस दिवस भिजवला."

"एकवीस दिवस भिजवला असता तर ही अवस्था झाली असती? खोटं तरी नीट बोल."

मग तू माझ्याकडे वळलास. तू एकदाच विचारलंस. "ताई, तुझा रिपोर्ट बरोबर होता ना?"

मी म्हटलं, "हो."

पुढचं तुला माहीत आहे. अवंतिकाने बॅगा भरल्या आणि दोन दिवसांत तुम्ही गेलात.

मी नंतर सांगणार होते. नोकरी पक्की झाली की सांगू, असं मनात होतं. नोकरी पक्की झाली. मग वाटलं, तो फोन उचलेल तेव्हा सांगू. मग तू नंबर बदललास, नवा फक्त सौमित्रला दिलास, आणि मला एक प्रकारे बरं वाटलं, हेही लिहून टाकते. आता त्या लॅबमध्ये शेवटची सही माझी असते. कोणताही नमुना वाफेवर ठेवल्याशिवाय मी सोडत नाही. पोरी मागून नावं ठेवतात, मला माहीत आहे.

आता कागद. बाबांचं ते फळ्यावरचं अक्षर. जसंच्या तसं उतरवते:

"वरच्या खोलीचा चुना. पोत्याच्या तळातील खडा. अर्धा तीन दिवस पाण्यात ठेवला, विरला नाही. अतिभाजलेला. भिजवण्यात चूक नाही. वि.चा अहवाल चूक. २७ मार्च २०१६."

म्हणजे तू गेल्यावर आठवड्याभरात त्यांना कळलं होतं. तुझी चूक नाही हे, आणि कोणाची आहे हेही. साडेआठ वर्षं ती बाटली त्यांच्या उशाशी होती. मी दर रविवारी ती खोली झाडायचे. बाटली उचलून, खालून पुसून, तशीच ठेवायचे, कागद भिंतीकडे. ते कॉटवरून बघत असायचे.

त्यांनी मला काही विचारलं नाही, तुला काही कळवलं नाही. मला वाचवत होते, की मी बोलायची वाट बघत होते? की पाहुण्यांसमोर तुला खोटारडा म्हटल्यावर त्यांनाही तोंड राहिलं नव्हतं? मी दहा दिवस हेच घोळवून राहिले आणि आता विचारायला कोणी नाही. तू चिडशील तर दोघांवर चिड. पण पहिली मी.

कागद सोबत पाठवत आहे. मूळ कागदच आहे, झेरॉक्स नाही. खडा मात्र मी नर्मदेत सोडून बसले.

विनता


१५ डिसेंबर

अपूर्व,

पत्र पोचल्याची पावती आली आहे. सही अवंतिकाची दिसली. उत्तर आलं नाही. ते येईल असं धरून मी हे लिहीत नाही.

पहिल्या महिन्याला आत्या आणि सौमित्र आले होते. जेवणं झाल्यावर मी सांगितलं. बसूनच सांगितलं. रिपोर्ट, वड्या, १७ मार्च, बाटली, खडा का फुटला, सगळं क्रमाने.

सौमित्र बराच वेळ मोबाइल उलटा-सुलटा करत होता. मग म्हणाला, "दीदी, मैंने उसको क्या-क्या बोल दिया. तू तिथेच होतीस ना?"

"स्वयंपाकघरात होते."

"ऐकून राहिली होतीस?"

"हो."

तो उठून अंगणात गेला.

आत्याला रसायन काही पटलं नाही. ती म्हणाली, "तुझा चुना असेल, बिना असेल. पण तोच खडा तुझ्या हाती काहून आला? कपाटावर बाटल्या थोड्या होत्या?" मी म्हटलं, तो उशाशी होता म्हणून. ती म्हणाली, "तेच म्हणून राहिली मी." मग पानाचा डबा बंद करत, "भय्या पण असाच. लहानपणी माझी पाटी फुटली तर स्वतः मार खाल्ला, आणि मग सहा महिने माझ्याशी बोलला नाही."

ऑफिसातही सांगितलं. साहेबांना २०१५च्या त्या अहवालाचा नंबर लिहून दिला, मी तपासणी न करता निकाल लिहिला होता म्हणून. त्यांनी कागद वाचला आणि चष्मा काढला. "मैडम, वो रिकॉर्ड तो कब का रद्दी में गया. आपके पिताजी अभी-अभी गए हैं, छुट्टी ले लीजिए." कागद परत दिला. मी इतकी तयारी करून गेले होते. घरी येताना मदन महलच्या चढावर स्कूटर बंद पडली आणि मी ती किक मारायची सोडून ढकलत आणली.

काल कढोरी मिस्त्रीला बोलावलं. म्हातारा झाला आहे, एका डोळ्याने कमी दिसतं. त्याला वर नेलं. ती खोली तुम्ही गेल्यापासून आम्ही वापरलीच नाही. त्याने भिंतीवरून हात फिरवला, एका खळग्यात बोट घातलं, तळाचा पांढरा ठिपका नखाने काढला.

"हमने तो उसी टैम कही थी बाबूजी से, कि भैया ने पूरे इक्कीस दिन भिगोया है. बाबूजी बोले, हम जानते हैं."

मी विचारलं, "कब बोले?"

"जब भैया चले गए. दस-पंद्रह दिन बाद. हमें बुलाया था, बोरी का बचा चूना फिंकवाने."

तर हे आणखी एक माणूस जाणून होता.

मी त्याला म्हटलं, सगळा गिलावा काढायचा आहे, विटेपर्यंत. तो म्हणाला, अब तो पुट्टी-पेंट मार दो दीदी, कौन झंझट करे. मी म्हटलं, चुन्याचाच करायचा. चुना मी आणते, हौदही मी धुते. त्याने नखातला चुना धोतराला पुसला. मग म्हणाला, "भैया आ रहे हैं क्या?"

मी म्हटलं, "पता नहीं."

विनता


॥ श्री ॥

गढा, जबलपूर
९ फेब्रुवारी २०२५

अपूर्व,

तुझं पाकीट गुरुवारी मिळालं. वरचा पत्ता अवंतिकाच्या अक्षरात, आतली ओळ तुझ्या. एवढा मोठा कागद आणि त्यावर एकच ओळ.

"चुना कोणी तपासला?"

मी ते पाकीट घेऊन जिन्यात बसले. आधी हसू आलं. आत्या आली होती, तिने विचारलं, काय झालं गं, मी कागद तिच्या हातात दिला. तिने तो दोनदा वाचला. "नाव नाही, गाव नाही. ये कोई चिट्ठी हुई?" म्हणाली. आणि मग, "टोमणा मारून राहिलाय. म्हणजे तब्येत बरी दिसते." कागद तिने देवाजवळ ठेवला होता, मी तो परत आणला.

तर उत्तर लिहिते.

चुना मी तपासला. भट्टी दुसरी आहे. मी स्वतः कटनीला जाऊन तीन जागचे खडे निवडून आणले, भट्टीच्या तळाचे, मधले आणि वरचे. प्रत्येक खडा वाजवून बघितला. जे खणखणले ते बाजूला काढले. बाकीच्यांतला एकेक पाण्यात टाकला, सगळे पाच मिनिटांच्या आत उकळले. विश्लेषणात अठ्ठ्याऐंशी टक्के आला. तुझ्या त्या चुन्यापेक्षा पाच टक्के कमी.

मग सहा वड्या केल्या. शनिवार होता. लॅबमधली सलोनी म्हणाली, "मॅडम, मी बघते ना, तुम्ही जेवून या." मी म्हटलं, नको. स्टूल घेऊन वाफेच्या भांड्यासमोर बसले. तीन तास म्हणजे फार नसतात. दहा मिनिटं झाली की वाटायचं, झाकण काढून बघावं. मी घड्याळाकडे पाठ केली. बाबांची आठवण यायची, तुझी यायची, मध्येच काहीच यायचं नाही, फक्त भांड्याचा आवाज. झाकण काढलं तेव्हा आधी चष्म्यावर वाफ बसली. पुसून मग पाहिलं. सहाही वड्या गुळगुळीत. भिंग घेऊन दोन्ही बाजू बघितल्या. सलोनीलाही बघायला लावल्या आणि तिची सही माझ्या सहीशेजारी घेतली.

चुना २२ डिसेंबरपासून हौदात आहे, आज पन्नासावा दिवस. रोज सकाळी काठी फिरवते. तुझ्यासारखी एका लयीत फिरत नाही, थोडा बाहेर उडतो. अंगठ्याची कातडी भरून आली, खूण राहिली आहे. वरचा गिलावा सगळा निघाला. उत्तरेची भिंत विटांची झाली आहे. खोलीत बोललं की आवाज वेगळा येतो.

मिस्त्री सोमवारपासून हात लावतो म्हणत होता. मी म्हटलं, थांबा. तो म्हणाला, "अब किसका इंतज़ार है, दीदी? चूना तो मक्खन हो गया." मी त्याला कारण सांगितलं नाही. पण तो कळून हसला, आणि जाताना हौदावर ओलं पोतं झाकून गेला.

माझ्या सहीवर तू आता विश्वास ठेवावास असं मी म्हणणार नाही. म्हणून या सहांपैकी तीन वड्या वेगळ्या ठेवल्या होत्या, त्या आणि हौदातला वाटीभर चुना डब्यात घालून सोबत पाठवते. कापूस भरपूर लावला आहे, फुटू नयेत. त्या चुन्याच्या तू तुझ्या हाताने नव्या वड्या कर, वाळव आणि वाफेवर ठेव. पूर्ण तीन तास.

मग कळव, कढोरीला कधी बोलावू.

ताई